बेन्यूचे पोलीस कोणाचे?

मा. संपादक यांस,


गेल्या काही महिन्यांत या पानावर नायजेरियाबद्दल दोन-तीन पत्रे आली. तिथे आपल्या ख्रिस्ती बांधवांना मारतात, चर्च जाळतात आणि जग गप्प बसते, असा सगळ्यांचा सूर. मारतात हे खरे आहे. जाळतात हेही खरे आहे. पण ‘तिथे’ म्हणजे नेमके कुठे, हे एकाही पत्रात नव्हते. नायजेरिया म्हणजे काय एक गाव आहे का? ३६ राज्ये आहेत, राजधानी अबुजा वेगळी, आणि वीस कोटींहून जास्त माणसे. ३४ वर्षे मी पॅरिशच्या शाळेत भूगोल शिकवला, त्यामुळे नकाशा काढल्याशिवाय मला बोलता येत नाही. म्हणून आज एकाच राज्याबद्दल लिहितो, बेन्यू राज्याबद्दल.

त्याआधी माझी एक चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी माझ्या फोनवर एक फोटो आला. जमिनीवर ओळीने ठेवलेली जळालेली प्रेते, आणि खाली इंग्रजीत लिहिलेले की नायजेरियात ख्रिस्ती लोकांना जिवंत जाळले. शहानिशा न करता मी तो पुढे पाठवला, पॅरिशच्या ग्रुपवर आणि निवृत्त शिक्षकांच्या ग्रुपवरही. त्या दुसऱ्या ग्रुपवर आमचे एक जुने सहकारी आहेत, मुसलमान, गणित शिकवायचे. कित्येक वर्षे आम्ही एका डब्यात जेवलो आहोत. ग्रुपवर ते काही बोलले नाहीत. संध्याकाळी घरी आले, चहा घेतला आणि म्हणाले, “सर, तो फोटो काँगोतला आहे हो. तेलाचा टँकर उलटून पेटला होता.”

“तुम्हाला कसं ठाऊक?”

“नातवानं शोधून दिलं. तुम्ही पाठवलात म्हणून शोधायला लावलं. दुसऱ्या कुणी पाठवला असता तर बघितला पण नसता.”

खरेच निघाले. २ जुलै २०१० रोजी काँगोच्या पूर्व भागात सांगे नावाच्या गावी टँकर उलटला, सांडलेले तेल भरून घ्यायला लोक धावले, भडका उडाला आणि दोनशेहून जास्त माणसे गेली. त्या गरिबांच्या मरणाचे फोटो आजवर दुसऱ्याच नावाने फिरत आहेत. मला लाज वाटली. रागही आला, कारण बेन्यूमध्ये जे खरोखर घडले आहे ते सांगायला खोट्या फोटोची गरजच नाही.

तर नकाशा. नायजर नदी वायव्येकडून देशात शिरते, बेन्यू नदी पूर्वेकडून, कॅमेरूनमधून येते. लोकोजा येथे दोघींचा संगम होतो आणि पुढे एकच प्रवाह दक्षिणेला समुद्राकडे जातो. फळ्यावर इंग्रजी वाय काढला की झाले. त्या वायच्या उजव्या फांदीवर बेन्यू राज्य आहे. १९७६ साली स्थापन झाले, नदीचेच नाव दिले, राजधानी मकुर्डी नदीकाठावर. २००६च्या जनगणनेत लोकसंख्या ४२ लाखांच्या पुढे होती. त्यानंतर त्या देशात जनगणनाच झालेली नाही. तिव जमातीचे लोक सर्वांत जास्त, मग इडोमा आणि इगेडे. बहुतेक ख्रिस्ती, आणि कॅथलिक भरपूर. माती सुपीक, पाऊस चांगला. आपल्या कोनफळाच्या जातीचा याम नावाचा कंद, ज्याचा आपण साबुदाणा करतो तो कसावा, शिवाय भात, तीळ, सोयाबीन, संत्री. ‘देशाची धान्याची टोपली’ असे हे राज्य स्वतःला म्हणवते. आज त्या टोपलीतले शेतकरी लाखोंच्या संख्येने छावण्यांत बसून दुसऱ्यांनी दिलेल्या धान्याची वाट बघत आहेत.

हे कसे झाले? इथे थोडे थांबावे लागेल, कारण व्हॉट्सअॅपवर हा भाग कधीच येत नाही.

आपल्या बेळगाव-कोल्हापूरकडे सुगी झाल्यावर शेतात बकरी बसवतात ना? धनगर कळप घेऊन येतात, चार रात्री शेतात मुक्काम करतात, लेंडीखत पडते, शेतकरी धान्य नाहीतर पैसे देतो. मध्य नायजेरियात फुलानी गुराख्यांचे असेच होते. उत्तरेत कोरड पडली की ते गुरे घेऊन दक्षिणेला उतरत, पीक निघालेल्या रानात गुरे चरत, शेण पडे, दुधाच्या बदल्यात धान्य मिळे. भांडणे तेव्हाही होत. पण गावाचा म्होरक्या आणि गुराख्यांचा म्होरक्या बसून नुकसानभरपाई ठरवत आणि मिटवत.

मग सगळेच बदलले. लोकसंख्या वाढली, नदीकाठापर्यंत शेते गेली, गुरांच्या जुन्या वाटा नांगराखाली आल्या. उत्तरेत वाळवंट सरकत आले, चाड सरोवर १९६०नंतर बरेच आटले. पूर्वी दक्षिणेतल्या त्सेत्से माशीच्या रोगाने गुरे मरत म्हणून गुराखी लवकर परत फिरत, आता औषधे आल्यावर ते तिथेच राहू लागले. २०११ साली लिबियात राजवट कोसळली आणि तिथल्या शस्त्रांचा पूर सहारा ओलांडून खाली आला. काठीच्या जागी रायफल आली. गुराख्यांच्याही बाजूने सांगायचे तर त्यांची गुरे टोळ्यांनी पळवली, त्यांची माणसेही मारली गेली, आणि त्यांचे ऐकून घेणारे फारसे कुणी नव्हते.

२०१७ साली बेन्यूच्या विधानसभेने कायदा केला की मोकळी चराई बंद, गुरे पाळायची तर जागा घेऊन, कुंपण घालून पाळा. त्या वर्षी १ नोव्हेंबरपासून तो लागू झाला. गुराख्यांच्या संघटनांनी कडाडून विरोध केला. कायदा चूक होता असे मी म्हणणार नाही. पण ज्यांच्या पिढ्यान्‌पिढ्या चालण्यात गेल्या त्यांना काही महिन्यांत कुंपणात बसा म्हणायचे, त्यासाठी जमीन कुठून देणार ते सांगायचे नाही, आणि कायदा राबवायला स्वतःचे पोलीस नाहीत, हे तिन्ही एकत्र आले की काय होणार?

जे झाले ते असे. २०१८च्या नववर्षाच्या दिवशी गुमा आणि लोगो या तालुक्यांत हल्ले सुरू झाले. ११ जानेवारीला मकुर्डीत ७३ शवपेट्या ओळीने मांडून एकत्र दफन झाले. २४ एप्रिलला ग्वेर ईस्ट भागातल्या अयार-म्बालोम गावी सेंट इग्नेशियस चर्चमध्ये पहाटेच्या मिस्साच्या वेळी बंदूकधारी शिरले. फादर जोसेफ गोर, फादर फेलिक्स त्योलाहा आणि मिस्साला आलेले १७ जण ठार झाले. दररोज सकाळच्या मिस्साला कोण येते ते आपल्याला माहीत आहे. म्हाताऱ्या बायका, एखादा निवृत्त मास्तर, परीक्षेच्या आधी येणारी दोन पोरे. २२ मे रोजी त्यांचे दफन झाले त्या दिवशी नायजेरियाच्या बिशपांनी देशभर शांततेचे मोर्चे काढले. सरकारने नागरिकांचे रक्षण करावे, एवढीच मागणी होती.

सात वर्षांनी, १३ जून २०२५च्या रात्री, येलवाटा. हे गाव मकुर्डी-लाफिया हमरस्त्यावर आहे, कुठल्या आडरानात नाही. आसपासच्या खेड्यांतून आधीच पळून आलेली कुटुंबे तिथे आसऱ्याला होती, काही चर्चच्या आवारात, काही बाजारातल्या गाळ्यांत. चर्चच्या बाजूला पोलिसांनी हल्लेखोरांना अडवले. मग ते बाजाराकडे वळले. गाळ्यांना आग लावली आणि बाहेर पळणाऱ्यांवर गोळ्या झाडल्या. अॅम्नेस्टीने मृतांचा आकडा किमान १०० सांगितला. पोप लिओ १४वे यांनी त्या रविवारच्या देवदूत-प्रार्थनेनंतर येलवाटाचे नाव घेतले आणि सुमारे २०० जण मारले गेल्याचे म्हटले. त्याच अॅम्नेस्टीने मे २०२५ मध्ये सांगितले होते की आधीच्या दोन वर्षांत एकट्या बेन्यूमध्ये ६,८९६ लोक मारले गेले.

येलवाटानंतर राष्ट्राध्यक्ष बोला टिनुबू १८ जूनला मकुर्डीला आले. पावसाने रस्ता खराब म्हणून येलवाटापर्यंत गेलेच नाहीत. त्यांच्या स्वागताला शाळेची मुले गणवेशात पावसात उभी केल्याच्या बातम्या आल्या. मी मास्तर आहे, हे वाचून मला काय वाटले असेल ते लिहीत नाही. सभेत राष्ट्राध्यक्षांनी पोलीस प्रमुखांना सगळ्यांसमोर विचारले की अजून एकही अटक का नाही? टाळ्या पडल्या असतील. पण हा प्रश्न त्यांनी स्वतःलाच विचारायला हवा होता, कारण ते पोलीस त्यांचेच. नंतर काही संशयितांना पकडले, न्यायालयात उभे केले. पण २०१८पासूनच्या बाकीच्या हल्ल्यांचे काय?

माझ्या पत्राचा मुद्दा हाच आहे. आपल्याकडे पोलीस हा राज्याचा विषय. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत राज्य सूचीत तो आहे. बेळगावचे पोलीस आयुक्त बंगळुरूला उत्तर देतात, दिल्लीला नाही. कुठे काही घडले की आपण मुख्यमंत्र्यांना धारेवर धरतो, आणि ते योग्यच आहे. नायजेरियाच्या १९९९च्या घटनेचे कलम २१४ म्हणते की देशात एकच पोलीस दल असेल, दुसरे कुणी काढायचे नाही. कलम २१५ म्हणते की राज्यपाल राज्याच्या पोलीस आयुक्ताला आदेश देऊ शकतो. आपल्या राज्यपालासारखे ते पद नाही बरे का, तिथे तो निवडून येतो, आपल्या मुख्यमंत्र्यासारखा. पण आदेश पाळण्याआधी आयुक्त म्हणू शकतो की थांबा, हे मला अबुजाला विचारू द्या. सुरक्षेची जबाबदारी राज्यपालाची म्हणतात, आणि हुकूम अबुजाचा. बेन्यूने गावरक्षक स्वयंसेवक उभे केले, तर त्यांना मोठी शस्त्रे बाळगायला केंद्राची परवानगी नाही. समोरून रायफली घेऊन मोटरसायकलींवर माणसे येतात आणि यांच्या हातात शिकारीच्या बंदुका.

आणि ते एकमेव पोलीस दल तरी कुठे आहे? २०२५च्या एका युरोपीय अहवालात त्याची संख्या ३ लाख ७० हजारांच्या आसपास धरली आहे, आणि त्यातले एक लाखाहून जास्त पोलीस पुढारी आणि बड्या लोकांच्या बंगल्यांवर, गाड्यांमागे. म्हणजे खेड्यात हाक मारली तर येणार कोण? नोव्हेंबर २०२५ मध्ये टिनुबूंनी देशभर सुरक्षा आणीबाणी जाहीर केली, बड्यांच्या बंदोबस्तातले पोलीस काढून घ्यायला सांगितले, नवी भरती जाहीर केली आणि राज्यांना स्वतःचे पोलीस ठेवता यावेत म्हणून कायदा बदला असे संसदेला सुचवले. उशिरा का होईना, योग्य जागी बोट ठेवले.

आता आपल्या वाचकांना नवल वाटेल अशी गोष्ट. बेन्यूचे सध्याचे राज्यपाल हायसिंथ अलिया हे कॅथलिक धर्मगुरू आहेत. ख्रिस्तसभेच्या कायद्याप्रमाणे धर्मगुरूला सत्तेचे पद घेता येत नाही, म्हणून २०२२ साली ते राजकारणात उतरले तेव्हा ग्बोकोच्या बिशपांनी त्यांना धर्मगुरूपदाच्या जाहीर सेवेतून निलंबित केले. २०२३ मध्ये ते निवडून आले. हे अलिया म्हणतात की माझ्या राज्यात धर्माच्या नावाने वंशसंहार चाललेला नाही. आणि त्याच राज्यातले मकुर्डीचे बिशप विल्फ्रेड अनाग्बे यांनी मार्च २०२५ मध्ये अमेरिकी संसदेच्या समितीसमोर साक्ष दिली की ख्रिस्ती लोकांना ठरवून हाकलून त्यांच्या जमिनी बळकावल्या जात आहेत. त्यानंतर मे महिन्यात बिशपांच्या स्वतःच्या गावावर हल्ला झाला.

एक फादर, एक बिशप, राज्य तेच, मृत तेच. खरे कोण? मला विचाराल तर बिशपांनी जे पाहिले ते मी खोटे म्हणू शकत नाही. वीस-वीस वर्षे कसलेली जमीन सोडून माणसे पळतात, मागे तिथे दुसऱ्यांची गुरे चरतात, गावांची नावे बदलतात, याला नुसते ‘शेतकरी-गुराखी वाद’ म्हणणे म्हणजे दरोड्याला देवाणघेवाण म्हणण्यासारखे आहे. आणि राज्यपालांचेही मला कळते. धर्मयुद्ध हा शब्द एकदा उच्चारला की दोन्हीकडच्या पोरांना हत्यार उचलायला कारण मिळते, आणि राज्यपालाकडे ते थांबवायला पोलीस नाहीत. पण ‘वंशसंहार नाही’ हे सांगायला ते जेवढा वेळ घालवतात तेवढा खटले किती उभे राहिले हे सांगण्यात घालवला असता तर बरे झाले असते. चर्चमध्ये मिस्साला उभी असलेली म्हातारी कुणाच्या चराईच्या आड आली होती, याचे उत्तर त्यांनी द्यायला हवे. धर्मगुरू म्हणूनही.

आणि आमच्या काही भावांना आवडणार नाही तेही लिहितो. बेन्यूत मरणारे बहुतेक ख्रिस्ती, कारण राहणारेच बहुतेक ख्रिस्ती. तिथून वायव्येला कात्सिना, झमफारा या राज्यांत जा. तिथे शेतकरी मुसलमान आहेत आणि बंदूकधारी टोळ्या त्यांनाही तशाच मारतात, गावांकडून खंडणी घेतात, मुले पळवतात. ऑगस्ट २०२५ मध्ये कात्सिना राज्यात मलुमफाशी भागातल्या एका गावात पहाटेच्या नमाजाला मशिदीत जमलेल्या माणसांवर गोळीबार झाला, कित्येक जण जागीच गेले. पहाटेचा मिस्सा आणि पहाटेची नमाज. त्या मशिदीचा फोटो आमच्या ग्रुपवर कुणी टाकला नाही. मीसुद्धा नाही.

अमेरिकेच्या अध्यक्षांनी नोव्हेंबर २०२५ मध्ये ख्रिस्ती लोकांना वाचवायला सैन्य पाठवू अशी भाषा केली तेव्हा आमच्यातल्या काहींना भारी आनंद झाला. मला झाला नाही. आभाळातून पडणारा बाँब गुमा तालुक्यातल्या ठाण्यात फिर्याद लिहून घेत नाही.

राज्यांना पोलीस दिले की सगळे सुरळीत होईल असे मात्र कुणी समजू नये. तिथल्या जाणत्या लोकांना याची भीती वाटते, आणि तिव लोकांना तर जास्तच वाटायला हवी. १९६६च्या लष्करी उठावाआधी उत्तर नायजेरियात स्थानिक सत्तेचे पोलीस होते, आणि सत्ताधारी पक्ष ते विरोधकांवर सोडत असे. १९६० आणि १९६४ साली तिव प्रदेश पेटला, त्याच्या कारणांत त्या स्थानिक सत्तेचा आणि तिच्या पोलिसांचा जाच हेही एक होते. ज्यांच्या आज्या-आजोबांनी स्थानिक पोलिसांचा मार खाल्ला त्यांचीच नातवंडे आज स्थानिक पोलीस मागत आहेत. पोलीस कुठल्या पुढाऱ्याच्या खिशात जातील ही भीती आपल्यालाही काही नवीन नाही. पण रात्री दोन वाजता गोळ्यांचा आवाज आल्यावर ज्याला फोन करायचा तो माणूस तिव बोलणारा, वाटा ओळखणारा आणि अर्ध्या तासात येणारा असावा, ही मागणी मला रास्त वाटते. बदली, बढती राज्यपालाच्या एकट्याच्या हाती ठेवू नका, स्वतंत्र आयोग नेमा, पण पोलीस द्या.

आपण इथून काय करणार, असे कुणी म्हणेल. पोपसाहेबांनी नाव घेतले तसे नाव घेऊ शकतो. आमच्या फादरांना मी विनंती केली की मिस्सातल्या विनंती-प्रार्थनांत ‘नायजेरियातील पीडितांसाठी’ असे मोघम नको. म्बालोम म्हणा, येलवाटा म्हणा आणि त्याच दमात मलुमफाशीच्या मशिदीतल्या माणसांसाठीही म्हणा. फादर म्हणाले, “मास्तर, ही नावं मला नीट येत नाहीत, वाचणाऱ्या पोरांना कुठनं येणार? तुम्हीच शिकवा.” म्हणून येत्या रविवारी वाचन करणाऱ्या दोघांना मी मिस्साच्या अर्धा तास आधी बोलावले आहे, नकाशा घेऊन.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, बेळगाव